फॉगलाइटच्या जागी कातडं

तुम्ही तहसीनला गाडीच्या तोंडावरच्या दोन भोकांसाठी अडवलं नव्हतंत. सगळ्यांना तसं सांगितलंत, पण ते खोटं होतं. तपासणीच्या त्याच रांगेत एका गाडीचं भोक नुसत्या चिकटपट्टीनं झाकलेलं होतं आणि तिच्या काचेवर तुम्ही पास झाल्याचा हिरवा कागद चिकटवलात. तहसीनच्या गाडीलाही तशीच पट्टी होती. तिला म्हणालात, पट्टी चालणार नाही, पक्कं झाकण पाहिजे, पुढच्या रविवारी शर्यतीआधी दाखवा, नाहीतर गाडी परत न्या. तुमचं नाव मी इथं लिहीत नाही. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी आणि कुणाची गाडी पळेल हे ठरवायचा अधिकार, एवढी ओळख पुरे आहे.

बुधवारी ती आमच्या ओट्यावर बसली होती. एक पाय चपलेत, दुसरा उघडा. उघड्या पायाची चप्पल माझ्या हातात होती. चपलेच्या बाजूचा कान उसवला होता आणि मी तो शिवत होते. कोल्हापुरातली आमची सगळी गल्ली चपलांची. आम्ही चांभार. माझे वडील, आबा, माझ्यामागं भिंतीला टेकून तळ कापत होते.

तहसीन म्हणजे मुजावर मेस्त्रींची थोरली. गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मेस्त्री गेले तेव्हा हिचं डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं. गॅरेज तिनं उघडं ठेवलं, पण गिऱ्हाईक यायचं, गाडीखालून पोरगी बाहेर आलेली बघायचं, मेस्त्री कुठायत म्हणून विचारायचं आणि निघून जायचं. मेस्त्री कबरस्तानात आहेत, असं तिनं एकदोघांना सांगूनही बघितलं. त्यानं गिऱ्हाईक वाढलं नाही.

मग तिनं मागच्या शेडमधली तांबडी स्पोर्ट्स कार बाहेर काढली. दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल अशी. कुणा बड्या घरातल्या पोरानं झाडावर घातलेली आणि घरच्यांना डोळ्यांसमोर नको झालेली. इंजिन तिनं स्वतः उतरवलं, स्वतः चढवलं. पुढचा बंपर मात्र मिळाला तो घ्यावा लागला. त्याला फॉगलाइटसाठी दोन्ही बाजूंना भोकं होती आणि दिवे नव्हते. ते परदेशातून मागवावे लागतात. येईपर्यंत शर्यत होऊन गेली असती.

पठारावरच्या रस्त्यावर गावादेखत ही गाडी पळाली आणि धड परत आली, तर लोक आपल्या गाड्या या गॅरेजला आणतील, असं तिच्या मनात होतं. नाही पळाली, तर शटर कायमचं खाली ओढायचं आणि पुण्याला नोकरी धरायची. तिच्या आईनं तशी अट घातली होती, आणि ती मी माझ्या कानांनी ऐकली होती.

झाकणासाठी काय काय करून झालं ते ती सांगत होती. उद्यमनगरातल्या फायबरवाल्यानं उजव्या भोकाचा साचा घेतला, डाव्यासाठी तोच उलटा करून दिला. उजवं चपखल बसलं, डावं बसेना, कारण बंपर ठोकून सरळ केलेला आणि डावं भोक वाकडं झालेलं. खास डावीकडचं करून घेतलं, ते आवळताना तडकलं. पत्रा लावून बघितला, तर गाडी सुरू केली की रिकाम्या तेलाच्या डब्यासारखा वाजायचा. फायबरवाला आता तिला बघून फोन कानाला लावून आत जात होता.

बोलता बोलता तिची नजर माझ्या शेजारी गेली. तिथं ओलं कातडं लाकडी फर्म्यावर ताणून बांधलेलं होतं.

"अक्का, हे वाळल्यावर असंच राहतं?"

"राहतं की. पाय आत जाईपर्यंत."

"आणि पाय आत गेलाच नाही तर?"

माझा हात थांबला. आबांचाही थांबला असावा, कारण कातडं कापायच्या रापीचा आवाज बंद झाला.

"आता गाडीला चपला घालणार व्हय?" आबा म्हणाले.

"चपला नकोत आबा. मुसकं घाला."

आबा हसले. त्यांना हसवलं की ते उठतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

त्यांनी गॅरेजात जाऊन बंपरची भोकं बोटांनी चाचपली, नव्या गिऱ्हाइकाचा पाय चाचपतात तशी. कागद लावून पेन्सिल फिरवली. म्हशीच्या पाठीचं कातडं काढलं आणि दोन तुकडे कापले. कापायची रापी आमच्याकडं बापेमाणसंच धरतात. बायकांनी कातड्याच्या पट्ट्यांची वेणी घालायची, वादी ओवायची, शिवायचं. असं का, ते कुणी सांगत नाही. मी लहानपणी आईला विचारलं होतं, तर तिनं मला पाणी भरायला पाठवलं.

कातडं भिजवून आबांनी भोकात दाबून बसवलं. बंपरच्या आतल्या बाजूला दिवा पकडायची छिद्रं होती, त्यांतून कातड्याची वादी ओवून मी ते आवळलं. खिळा नाही, स्क्रू नाही. आमच्या चपलेलाही खिळा नसतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कातडं खडखडीत वाळलं आणि तहसीननं गाडी रिंगरोडला काढली. मी शेजारी बसले होते. जमिनीवर बसून पळतोय असं वाटत होतं.

थोडं पुढं गेलो आणि डावं झाकण उडालं. वाऱ्यानं काठ उचलला, वादीनं काठ फाडला, आणि झाकण आमच्यासमोरून उडत जाऊन रस्त्याकडेला पडलं. आम्ही गाडी थांबवून मागं पळालो. तोवर एका कुत्र्यानं ते तोंडात धरलं होतं. तहसीननं त्याला हाक मारली, मी दगड उचलला, पण ते शेतातून गेलं ते गेलंच. उजवं झाकण जागेवर होतं, पण एका कोपऱ्यात बोट शिरेल एवढी फट पडली होती.

आबांनी ते उरलेलं झाकण हातात घेतलं आणि बराच वेळ फिरवून फिरवून बघितलं. माप तर बरोबर होतं, असं ते दोनदा म्हणाले. मी ते त्यांच्याकडून घेऊन परत भोकाला लावलं. सगळीकडून सारखंच कमी भरत होतं. वाळताना आकसलं होतं हे खरं, पण मुळातच तोकडं कापलेलं होतं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला आणि मला हसू आलं, ते आबांना आवडलं नाही.

"आबा, तुम्ही गाडीला पायाचं माप दिलंय."

चप्पल आम्ही मुद्दाम घट्ट कापतो. सुरुवातीला गिऱ्हाईक शिव्या घालतं, टाचेला फोड येतात. मग पायाच्या उबेनं आणि घामानं कातडं सैलावतं आणि त्या पायाचं होऊन जातं. सैल कापलेली चप्पल महिन्याभरात फटफटायला लागते. ज्याची चप्पल फटफटते त्याला आमच्या गल्लीत कारागीर म्हणत नाहीत. आबांचा हात आयुष्यभर घट्टच कापत आला होता. आता बंपरला कुठली ऊब आणि कुठला घाम? आकसलेलं कातडं तिथं आकसलेलंच राहिलं.

आबांना ते पटलं. त्यांनी नवा तुकडा घेतला, मी पेन्सिलीची रेघ चांगली बाहेरून मारून दिली. रापी रेघेवरून निघाली आणि पहिल्या वळणावर आत शिरली. आबांनी तो तुकडा बाजूला टाकला. दुसरा घेतला. तोही आत गेला. ते रेघ बघत होते, रेघ त्यांना दिसत होती, पण वळण आलं की मनगट आपोआप आत वळत होतं. तिसऱ्या तुकड्याला त्यांनी हात लावला नाही. रापी पुसली, मूठ माझ्या बाजूला करून ओट्यावर ठेवली.

"हात ऐकंना," ते म्हणाले. "तू काप."

समोरच्या ओट्यावर गजरामावशी कातड्याची वेणी घालत होती. तिची बोटं थांबली. तिनं आबांना विचारलं, दौलूदादा, हात दुखतोय काय? आबा म्हणाले, हात झ्याक आहे, कापणारं माणूस बदललंय. मावशीनं तोंड वाकडं केलं, पण वेणी खाली ठेवून ती मी कापताना बघत बसली.

पहिला काप वाकडा गेला. आबांनी दुसरा तुकडा पुढं सरकवला. दुसरा बरा गेला. पाठीचं कातडं हाताशी भांडतं, त्याच्याशी जोरानं भांडलं तर ते जिंकतं, हे मला तेव्हा कळलं. मी दोन्हीकडचे तुकडे वेगवेगळे कापले, उजव्याचं उजव्याला, डाव्याचं डाव्याला, आणि काठ भरपूर सोडले. एकावर एक दोन थर खळीनं चिकटवले. ओलं असताना भोकात बसवून मागून चिंध्या कोंबल्या, पुढून वाळूच्या पिशव्या टेकवल्या. वाळताना आकसायचंच असेल तर बंपरला धरून आकस, असं. शुक्रवार आणि शनिवार गाडी गॅरेजसमोर उन्हात उभी. गल्लीतला प्रत्येक माणूस येऊन एकदा पिशवी दाबून गेला आणि प्रत्येकानं सल्ला दिला.

शनिवारी संध्याकाळी पिशव्या काढल्या. दोन्ही झाकणं अशी बसली होती की जणू बंपरबरोबरच जन्माला आलीत. टिचकी मारली तर लाकडासारखी वाजत होती. तेल चोळल्यावर कातड्याला गुळासारखा रंग चढला आणि तांबड्या गाडीवर तो इतका शोभला की तहसीन चार पावलं मागं जाऊन नुसती बघत राहिली.

तेवढ्यात आबा हिराकसाचं पाणी घेऊन आले. आमच्या कमावलेल्या कातड्यावर हिराकस फिरवलं की ते काळं होतं. कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी चिंधी बुडवून उजवं झाकण काळं केलं होतं.

"काळं झालं की फायबर वाटतं," ते म्हणाले. "विचारलं तर फायबर म्हणायचं."

मी विचारलं, का म्हणायचं? मी तेव्हा बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. माझा आवाज चढला होता. आबांचा चढला नाही. त्यांनी डावं झाकणही काळं करायला घेतलं आणि एवढंच विचारलं, गाडी पळायला पाहिजे का नको? या माणसानं आयुष्यभर बंगल्यांच्या पायरीखाली उभं राहून मापं घेतली होती. पाय त्याच्या हातात द्यायचे, पाण्याचा तांब्या द्यायचा नाही, हे त्यानं बघितलं होतं. त्याचं चुकतंय असं म्हणायला माझ्याकडं जोर होता, पुरावा नव्हता. आणि शटर खाली ओढलं जाणार होतं ते माझं नव्हतं, तहसीनचं होतं. ती म्हणाली, फायबर म्हणते. आबांनी मान डोलावली.

रविवारी पठारावर वारा होता. सगळ्या गाड्या रांगेत, आमची मधे. तुम्ही एकेक गाडी बघत येत होता. मला तुमचं एक नाकारायचं नाही, तुम्ही काम मन लावून केलंत. गुडघ्यावर बसलात, उजव्या झाकणावर बोटानं ठोकलंत. काठावरून तळवा फिरवलात, फट सापडते का बघितलंत. डाव्याला अंगठ्यानं दाबलंत. आणि तुम्ही म्हणालात, व्वा, मस्त बसवलंय. हे तुमचेच शब्द आहेत. मी शेजारीच उभी होते.

मग तुम्ही विचारलंत, "फायबर ना?"

नुसतं हूं म्हटलं असतं तरी झालं असतं. तुमच्या दुसऱ्या हातात हिरवा कागद तयार होता. तहसीननं आबांकडं बघितलं. आबांनी मान खाली घातली होती आणि ते स्वतःच्या चपलांकडं बघत होते.

"कातडं आहे," ती म्हणाली. "म्हशीचं. या आबांनी आणि मालनअक्कांनी केलंय. आमच्याच गल्लीत चपला करतात."

तुमचा हात अजून झाकणावर होता. तो तुम्ही उचललात. खिशातून रुमाल काढलात आणि हात पुसलात. आधी तळवा, मग एकेक बोट, मग अंगठा. रुमालाची घडी घातलीत आणि तो परत खिशात न ठेवता गाडीच्या टपावर ठेवलात. मग म्हणालात, हे चालणार नाही, काढा.

मी विचारलं, "झाकण कशाचं पाहिजे ते नियमात आहे?"

"काही गोष्टी लिहाव्या लागत नाहीत, बाई. त्या समजतात."

"मला समजत नाहीत. सांगा."

तुम्ही मला सांगितलं नाहीत. आबांकडं वळलात, वयानं मोठे, समजूतदार म्हणून. त्यांनी आम्हाला समजावावं असं तुम्हाला वाटलं असणार. मलाही तीच भीती होती. आबांनी मान वर केली, दोन पावलं पुढं आले आणि मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात बोलले.

"साहेब, ओढून बघा. निघालं तर आम्ही आमच्या पायानं घरी जातो."

आता तुम्हाला सोपं होतं. ओढायचं. तपासणीचा तुमचा अधिकार, गाडी तुमच्या पुढ्यात. पण ओढायचं म्हणजे परत हात लावायचा. तुमचा हात कमरेपर्यंत आला आणि तिथंच राहिला. हे मी एकटीनंच नाही, रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं. शेवटी तुम्ही तुमच्या माणसाला खूण केलीत. तो दांडगा होता. त्यानं काठाखाली नखं घालून बघितली, मग दोन्ही हातांनी धरायला काही सापडतं का बघितलं, मग आत हात घालून वादीच ओढली. गाडी पुढंमागं हलली. तो म्हणाला, साहेब, बंपर येईल, हे येत नाही.

मागच्या गाडीत एक इचलकरंजीचे जाडजूड गृहस्थ बसले होते, त्यांच्याच गाडीला ती चिकटपट्टी होती. त्यांनी काचेतून मान बाहेर काढली आणि म्हणाले, "आता माझी पट्टी ओढा की साहेब. बघू तरी काय होतंय."

सगळी रांग हसली. तुमचा माणूससुद्धा हसला. पट्टीचं काय होणार ते सगळ्यांना माहीत होतं. तहसीनला घरी पाठवायचं तर इचलकरंजीकरांनाही पाठवावं लागलं असतं, आणि ते तुम्हाला नको होतं. हिरवा कागद तुम्ही आमच्या काचेवर चिकटवला नाहीत. टोकाला धरून तहसीनच्या हातात दिलात. तिनं तो स्वतः चिकटवला, नीट, चारही कोपरे दाबून.

तिची पाळी आली तेव्हा आबा गवतावर बसले. गाडी गेली, वळणाआड आवाज राहिला, मग आवाजही नाही. तो वेळ मी कसा काढला ते मला सांगता येत नाही. मग पलीकडच्या उतारावर तांबडा ठिपका दिसला आणि आबा उभे राहिले. ती पहिली आली असं लिहायला मला आवडलं असतं. चौथी आली. पण गाडी धड परत आली, आणि मुजावर मेस्त्रींची पोरगी ती स्वतः चालवत आली, हे अख्ख्या पठारानं बघितलं.

झाकणांवर खडीचे बारीक बारीक खड्डे पडले होते. काही ठिकाणी काळा रंग उडून आतला गूळ दिसत होता. आबांनी काठावरून बोट फिरवलं. "सैल न्हाई पडलं," ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं.

जाताना मी तहसीनला विचारलं, ठरलं होतं फायबर म्हणायचं, मग का नाही म्हणालीस? तिनं गिअर बदलला. मग म्हणाली, "म्हणणारच होते अक्का. अगदी ओठांवर होतं. पण आबांची मान खाली गेली ना, आणि माझ्यामुळं गेली. ती तशी ठेवून पळायचं, म्हणजे पळून काय करायचं होतं?"

त्या आठवड्यात तिच्या दारात गाड्या लागल्या. पहिले आले ते इचलकरंजीकर, गाडी तिच्याकडं दाखवायला आणि झाकणं आमच्याकडं करायला. त्यांच्या ओळखीचे आले, मग त्यांच्या ओळखीचे. चपला आहेतच, पण आज इतक्या वर्षांनी ज्याच्या गाडीला फॉगलाइटची भोकं रिकामी आहेत तो कोल्हापूर विचारत येतो, आणि कोल्हापुरात आमची गल्ली. शटर उघडं आहे. तहसीनच्या हाताखाली आता तीन मेस्त्री आहेत आणि एकालाही ती गाडीखालून बाहेर आली तर नवल वाटत नाही. आमच्या गल्लीत चार ओट्यांवर बायकांच्या हातात रापी आहे. त्यात गजरामावशीची सून आहे आणि ती माझ्यापेक्षा चांगली कापते. आबा आता कापत नाहीत, ओट्यावर बसून मापं सांगतात. गाडीची मापं सांगितली तर मी ऐकत नाही. सगळी झाकणं गुळाच्या रंगाची जातात. हिराकस आम्ही चपलांना ठेवलंय.

आणि परवा तुमचा माणूस येऊन गेला. तोच, ओढणारा. आता त्याचे केस पिकलेत. त्यानं निरोप दिला की तुमच्या मुलानं स्पोर्ट्स कार घेतलीय, जुनी, तोंडावर दोन भोकं रिकामी. झाकणं पाहिजेत. काळी करून पाहिजेत, कशाची आहेत ते कुणाला कळायला नको. आणि साहेबांचं नाव कुठं घेऊ नका. बिचारा निरोप सांगताना माझ्याकडं बघत नव्हता. मी त्याला चहा पाजला.

मी नाही म्हणणार नाही. मुलानं माझं काही बिघडवलेलं नाही. गाडी पाठवा. उजव्याचं उजव्याला, डाव्याचं डाव्याला, काठ भरपूर सोडून कापीन आणि वाऱ्याच्या बापाला निघणार नाहीत अशी बसवून देईन. काळी करणार नाही. पण वादी आवळायच्या आधी तुम्ही या. माणूस पाठवू नका, मुलाला पाठवू नका, स्वतः या. आमच्या ओट्यावर बसा, नाहीतर उभे राहा. चहा मिळेल. आणि गल्लीदेखत, आबांच्या तोंडावर मला सांगा, त्या सकाळी तुमच्या बोटांना एकेक करून पुसावं असं काय लागलं होतं? उत्तर द्या.